ताप, वल्हे आणि सात मिनिटे

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे भिगवण सोडते तेव्हा खिडकीतून उजनीचे पाणी दिसू लागते आणि जेऊर येईपर्यंत ते अधूनमधून सोबत करते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. दुष्काळाची सवय असलेल्या करमाळा तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात त्यानंतर ऊस आला, केळी आली, मासेमारी आली. या पाण्यावरून लोक रोज ये-जा करतात, मोटारसायकलीसुद्धा होडीत चढवतात. मात्र त्यातल्या किती जणांना पोहता येते, हा प्रश्न विचारू नये असाच आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पोहत काठाला लागलेला एक जण तेवढा वाचला.

पाण्याशेजारी राहूनही पाण्याला बिचकणारी माणसे इथे आहेत. याच राज्यात, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात, याच्या अगदी उलट एक माणूस आहे. तळेगाव रोही हे त्याचे गाव पाण्यासाठी तरसणारे. वडील विहिरी खोदायचे, दगड फोडायचे. मुलगाही शाळकरी वयापासून त्यांच्या हाताखाली राबला. विशीत फौजेत जाईपर्यंत त्याने होडीचे वल्हे हातात धरले नव्हते आणि पाण्याची त्याला भीती वाटायची. हा मुलगा २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या पाण्यात एकट्याने होडी वल्हवत होता. त्याचे नाव दत्तू बबन भोकनळ.

दत्तूच्या पदकांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आरोग्याच्या स्तंभात त्याची आठवण काढायची ती वेगळ्या कारणासाठी. २०१८च्या आशियाई स्पर्धेत एका दिवशी तो अंतिम शर्यतीत शेवटचा आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने सुवर्णपदक जिंकले. पहिल्या दिवशी सर्वस्व पणाला लावले नाही, असा ठपका ठेवून पुढे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. 'सर्वस्व पणाला लावणे' म्हणजे शरीराच्या भाषेत नेमके काय? आणि अंगात ताप असताना ते मोजायचे कसे? हा प्रश्न फक्त ऑलिंपिकपटूंचा नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या जेऊर-करमाळ्याच्या पोरांचाही आहे.

आधी हा खेळ समजून घेऊ. होडीच्या शर्यती अनेक प्रकारच्या असतात. खळाळत्या पाण्यात वर टांगलेल्या खांबांच्या फाटकांतून वाट काढायची ती कॅनो स्लॅलम. तिथे खांबाला अंग किंवा वल्हे लागले तर दोन सेकंदांचा दंड, फाटक चुकले तर पन्नास सेकंदांचा, आणि सारा खेळ साधारण दीड मिनिटात आटोपतो. दत्तूचा खेळ रोइंग. त्यात पाणी संथ, मार्ग सरळ आणि अंतर दोन हजार मीटर. खेळाडू पाठीच्या दिशेने पुढे जातो, त्यामुळे शेवटची रेषा त्याला दिसत नाही. मागे पडलेले प्रतिस्पर्धी तेवढे दिसतात. एकट्याने दोन वल्ही मारायची त्या प्रकाराला सिंगल स्कल्स म्हणतात. ही होडी सुमारे आठ मीटर लांब असते, पण रुंदी जेमतेम फूटभर. नियमानुसार तिचे वजन किमान चौदा किलो असावे लागते. एवढ्या अरुंद होडीला स्वतःचा तोल नसतोच. पाण्यावर टेकलेली दोन वल्ही आणि मधे बसलेला माणूस हाच तिचा तोल. एक वल्हे पाण्यात वेडेवाकडे अडकले किंवा हात क्षणभर सैल पडला, तर चांगला कसलेला खेळाडूही पाण्यात जातो. रिओमध्ये पहिल्याच दिवशी जोराच्या वाऱ्यात सर्बियाच्या दोघा खेळाडूंची होडी उलटली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या शर्यती रद्द कराव्या लागल्या होत्या.

पाहणाऱ्याला वाटते, हा हातांचा खेळ. प्रत्यक्षात बसायची जागा चाकांवर पुढेमागे सरकते आणि बराचसा जोर मांड्यांमधून येतो. पाय रेटायचे, मग कंबर मागे न्यायची, शेवटी हात ओढायचे. हे चक्र एका शर्यतीत सव्वादोनशेच्या आसपास वेळा होते. शरीरातले जवळपास सगळे मोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात, असे खेळ फार थोडे आहेत. म्हणून रोइंगपटूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता थक्क करणारी असते. साधारण तब्येतीचा तरुण जीव तोडून पळाला तर मिनिटाला सुमारे तीन लिटर प्राणवायू वापरतो. पहिल्या फळीतला धिप्पाड रोइंगपटू सहा लिटरपर्यंत जातो. एवढा प्राणवायू पोहोचवायचा तर हृदयही तसेच हवे. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचे कप्पे मोठे होतात, भिंती थोड्या जाड होतात आणि विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला चाळीस-पन्नासवर येते. अशा खेळाडूचा ईसीजी माहिती नसलेल्या डॉक्टरने पाहिला तर तो दचकेल.

सात मिनिटांच्या या शर्यतीत पहिले मिनिट उधारीवर जाते. स्नायूंना लागणारी ऊर्जा फुप्फुसे-हृदयाच्या पुरवठ्याआधीच खर्च होते, ती स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेतून प्राणवायूशिवाय काढली जाते आणि लॅक्टेट साचू लागते. मधली चार-पाच मिनिटे प्राणवायूवर चालतात, पण पूर्ण क्षमतेच्या काठावर. शेवटच्या पाचशे मीटरला पुन्हा उधारी. एकूण खर्चाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग प्राणवायूच्या जोरावर भागतो आणि उरलेला त्याच्याशिवाय. शर्यत संपते तेव्हा रक्तातले लॅक्टेट विश्रांतीच्या पातळीपेक्षा दहा-पंधरा पटींनी वाढलेले असू शकते. लॅक्टेटला लोक विष समजतात, ते तसे नाही. हृदय तर तेच इंधन म्हणून वापरते. मांड्या जळतात त्या त्याच्या जोडीने वाढलेल्या आम्लतेमुळे आणि स्नायूंतल्या इतर बदलांमुळे. या अवस्थेत डोळ्यांपुढे अंधारी येणे, ओकारी होणे हे रोइंगमध्ये रोजचेच.

अशा खेळात दत्तू वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आला. वडील २०११च्या अखेरीस हाडाच्या कर्करोगाने गेले. घरची जबाबदारी अंगावर पडली आणि २०१२ साली तो खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजे बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. त्याची उंची पाहून प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याला रोइंगकडे वळवले. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधल्या आर्मी रोइंग नोडमध्ये सराव सुरू झाला. २०१४ साली तो राष्ट्रीय विजेता होता, २०१५मध्ये बीजिंगला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य, आणि एप्रिल २०१६मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू येथे आशिया-ओशनिया पात्रता स्पर्धेत पुन्हा रौप्य. रिओला रोइंगमध्ये भारताकडून तो एकटाच गेला.

चार वर्षांत भीतीपासून ऑलिंपिकपर्यंत! लहानपणी दगड फोडल्यानेच हे झाले, असे भावुक होऊन सांगणारे पुष्कळ भेटतात. अंगमेहनतीने सोसण्याची सवय लागते हे खरे, पण त्या गावात दगड फोडणारी मुले काही एकटी तीच नव्हती. उंची आणि लांब हातपाय जन्माने मिळतात, हृदय-फुप्फुसांची क्षमताही बरीचशी अनुवंशाने ठरते आणि उरलेले काम शास्त्रशुद्ध सराव व पोटभर सकस अन्न करते. फौजेने त्याला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी दिल्या. रोइंग हा उशिरा सुरू केला तरी साधणारा खेळ आहे, हे इतर देशांनीही ओळखले आहे. ब्रिटनची हेलन ग्लोव्हर उंच मुले-मुली शोधण्याच्या सरकारी मोहिमेतून २००८ साली या खेळात आली आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक जिंकले. जिम्नॅस्टिक्समध्ये असे होणे शक्य नाही.

आणि पाण्याची भीती? भीती ही मेंदूची धोक्याची घंटा आहे. पाण्यात पाय पडताच श्वास उथळ आणि जलद होतो, छाती धडधडते, स्नायू ताठरतात, आणि ताठरलेला माणूसच लवकर बुडतो. ती घालवायचा मार्ग जुना आणि कंटाळवाणा आहे. काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात, मग खोल, मग होडीत, असे रोज थोडे थोडे पुढे जायचे. पाण्यात ढकलून दिले की पोहणे येते, हा गावाकडचा समज किती जणांच्या मनात जन्मभराची दहशत बसवून गेला, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

रिओला जाण्याच्या सुमारास दत्तूच्या आईला अपघात झाला होता. डोक्याला मार लागल्याने तिची स्मृती ढळली होती आणि मुलगा ऑलिंपिकला चालला आहे हे तिला नीट उमगत नव्हते. त्या अवस्थेत त्याने लागोआ तलावात चार शर्यती केल्या. पहिल्या फेरीत जोराच्या वाऱ्यात ७ मिनिटे २१.६७ सेकंदांत तिसरा येऊन तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे ६ मिनिटे ५९.८९ सेकंद लागले आणि चौथा क्रमांक मिळाला. पहिल्या तिघांनाच पुढे वाट होती. शेवटी 'क' गटाची अंतिम शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकून तो एकूण तेरावा ठरला. आधीच्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वर्ण सिंग याच प्रकारात सोळावा आला होता. त्याच दिवशी न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा डामिर मार्टिन यांनी सुवर्णासाठीची शर्यत सारख्याच वेळेत, ६ मिनिटे ४१.३४ सेकंदांत संपवली. छायाचित्र पाहून ड्रायस्डेलला विजयी ठरवावे लागले. त्यांच्यात आणि दत्तूत सुमारे साडेतेरा सेकंदांचे अंतर. सात मिनिटांच्या शर्यतीत हे साधारण तीन टक्के. तेवढे भरून काढायला बऱ्याच जणांचे आयुष्य जाते.

आता २०१८च्या ऑगस्टकडे. आशियाई स्पर्धेतल्या रोइंगच्या शर्यती इंडोनेशियातल्या पालेम्बांगला, जकाबारिंगच्या तलावात होत्या. विषुववृत्ताजवळची दमट हवा. स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग वल्ह्यापर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. ती घामावाटे बाहेर टाकायची तर घाम वाळला पाहिजे. दमट हवेत तो नुसता ओघळतो, शरीरातले पाणी जाते आणि थंडावा मात्र मिळत नाही. पंचाहत्तर किलोच्या खेळाडूच्या अंगातून दीड लिटर पाणी गेले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, तरी दमसास घटू लागतो. २३ ऑगस्टला सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा आला. वेळ ८ मिनिटे २८.५६ सेकंद. रिओतल्या आपल्याच वेळेपेक्षा दीड मिनिटाहून अधिक मागे.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू या चौघांनी क्वाड्रुपल स्कल्सची शर्यत ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत जिंकली. इंडोनेशिया साडेतीन सेकंदांनी मागे राहिला. २०१० साली ग्वांगझूला बजरंगलाल ताखरने मिळवलेल्या पदकानंतर आशियाई रोइंगमधले हे भारताचे दुसरे सुवर्ण. पदक मिळाल्यावर दत्तूने सांगितले की सर्दीने तो बेजार होता, अंग प्रचंड दुखत होते, तरी उतरावेच लागले, कारण सुवर्णाची ही शेवटची संधी होती.

त्याच सकाळी दुष्यंतने कमी वजनी गटाच्या सिंगल स्कल्समध्ये कांस्यपदक मिळवले आणि शर्यतीनंतर त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्यालाही सर्दी झाली होती. ब्रेडचे दोन काप आणि एक सफरचंद एवढेच पोटात होते, असे त्याने नंतर सांगितले. कमी वजनी गटात पुरुषांना साडेबहात्तर किलोची मर्यादा असते आणि वजन शर्यतीच्या एक-दोन तास आधी करतात. त्यामुळे अनेक खेळाडू पाणी आणि जेवण तोडून काट्यावर उभे राहतात. पॅरिसनंतर हा गट ऑलिंपिकमधून गेला, हे आरोग्याच्या दृष्टीने वाईट झाले नाही.

या दोन्ही घटना डॉक्टरांना ओळखीच्या वाटतील. ताप म्हणजे मेंदूतल्या तापमान-नियंत्रकाने ठरवून वर नेलेली पातळी. शरीर ती गाठण्यासाठी जादा इंधन जाळते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की विश्रांतीतला प्राणवायूचा खर्च दहा टक्क्यांच्या वर वाढतो आणि नाडी आठ-दहा ठोक्यांनी पळते. म्हणजे दोन अंश ताप असलेला खेळाडू नुसता होडीत बसलेला असतानाच निरोगी माणसापेक्षा पाऊण जिना चढून आलेला असतो. नाडीची वरची मर्यादा मात्र तापाने वाढत नाही. मधली जागा आक्रसते. त्यात विषाणूच्या संसर्गाने स्नायू दुखतात, त्यांची ताकद घटते, झोप झालेली नसते, पाणी कमी पडलेले असते. सिंगल स्कल्समध्ये हे सारे एकाच माणसावर येते आणि होडीचा तोलही त्याच्याच हातात. चक्कर आली, पकड सुटली की संपले. चौघांच्या होडीत प्रत्येकाला जोर लावावाच लागतो, तिथे कोणी फुकट बसत नाही. पण होडी लांब आणि अधिक स्थिर असते, ताल इतरांचा मिळतो आणि शर्यत एखाद्या मिनिटाने लवकर संपते. शेवटच्या त्या मिनिटात काय काय होते, हे रोइंग केलेल्या कोणालाही विचारावे.

म्हणून 'काल आजारी होता तर आज सुवर्ण कसे?' हा सवाल ऐकायला बिनतोड वाटतो, पण वैद्यकशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. विषाणूचा ताप चढउतार करतो. एका रात्रीची झोप, पोटात गेलेले पाणी आणि मीठ, उतरलेला ताप यांनी दुसऱ्या सकाळी माणूस पुष्कळ वेगळा असू शकतो. याचा अर्थ त्या दिवशी नेमके असेच घडले, असाही काढता येत नाही. नाडी, तापमान, रक्ताचे अहवाल समोर नसताना दूरवरून केलेले निदान म्हणजे ज्योतिष.

भारतीय रोइंग महासंघाने मार्च २०१९मध्ये दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. एकेरीच्या शर्यतीत तो मधेच थांबला, पूर्ण ताकद लावली नाही, असा आरोप होता. होडी उलटल्यामुळे आपण मागे पडलो, असे दत्तूचे म्हणणे होते. महासंघाचीही एक बाजू आहे: देशाच्या नावावर एका प्रकारात एकच होडी उतरते, ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती, आणि उद्याच्या शर्यतीसाठी आज ताकद राखून ठेवण्याचा प्रकार खेळात अजिबात होत नाही असे नाही. पण मग खेळाडूला एकाच स्पर्धेत दोन प्रकारांत उतरवताना, आणि तो आजारी असल्याचे समजल्यावर, शर्यतीपूर्वी त्याला तपासून 'हा उतरू शकतो' किंवा 'उतरू शकत नाही' हे कागदावर कोणी लिहायचे? हा प्रश्न बंदीच्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. असा कागद असता तर त्यानंतरच्या वादाचे स्वरूपच वेगळे झाले असते. क्रिकेटपटूचा अंगठा दुखला तरी फिजिओचे निवेदन येते.

माणूस थांबतो तेव्हा नेमके काय थांबते, यावर शास्त्रज्ञांचेही एकमत नाही. हृदय आणि स्नायू त्यांच्या मर्यादेला टेकतात आणि दम संपतो, ही जुनी समजूत. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी मांडले की शरीर खरोखर कोसळण्याच्या बरेच आधी मेंदू हात आखडता घेतो. आतले तापमान, रक्तातली साखर, स्नायूंकडून येणारे संदेश यांचा हिशेब करून तो कमी स्नायूतंतू कामाला लावतो आणि आपल्याला ती थकवा म्हणून जाणवते. हा सिद्धांत सर्वांना मान्य नाही, त्यावर बरीच टीका झाली आहे. पण एवढे खरे की थकवा ही निव्वळ इच्छाशक्तीची गोष्ट नाही. इच्छाशक्तीने ब्रेकवरचा पाय थोडा उचलता येतो आणि कधी कधी ते महागात पडते. दुष्यंतसारखा खेळाडू रेषा ओलांडल्यावर कोसळतो, तेव्हा बहुधा कारण साधे असते: पाय एकाएकी थांबले की रक्त पायांत साठते, रक्तदाब घसरतो, पाय उंच करून आडवे ठेवले की माणूस सावरतो. शर्यत चालू असताना, रेषेच्या अलीकडेच कोणी कोसळला, तर मात्र डॉक्टरांनी हृदयविकार आणि उष्माघात ही दोन नावे आधी मनात आणायची असतात.

जानेवारी २०२०मध्ये दत्तूवरची बंदी उठली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे टोकियोला भारताकडून अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही जोडी कमी वजनी गटात गेली. दत्तूच्या उमेदीच्या वर्षांतले जवळपास एक वर्ष सरावाबाहेर गेले होते. दमसास काही आठवडे सराव तुटला तरी घसरू लागतो आणि परत मिळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. तिशीकडे झुकलेल्या खेळाडूला तर अधिकच.

आता पोलीस भरतीच्या पोरांकडे येऊ. मुलांची १६०० मीटर धाव साधारण पाच-सहा मिनिटांची असते. शरीराच्या हिशेबात ती रोइंगच्या शर्यतीची सख्खी बहीण. तसाच सुरुवातीचा उधारीचा टप्पा, तशीच मधली घुसमट, तसाच शेवटचा रेटा. आणि मैदानी चाचणीची तारीख एकदाच येते, त्यामुळे ताप असला तरी पोरे गोळी घेऊन उतरतात. इथे एक गैरसमज मोठा आहे. पॅरासिटामॉलने थर्मामीटरवरचा आकडा खाली येतो, संसर्ग जागेवरच राहतो. अंगदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करू शकतात. रिकाम्या पोटी, घामाघूम होऊन धावणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

सगळ्यात मोठी भीती असते ती हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेची. सर्दी-तापाचे काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूत शिरतात. आराम केला तर बहुतेक जण कळू न देताच बरे होतात. पण त्याच दिवसांत जिवापाड धावले तर सुजलेल्या स्नायूतून हृदयाचे ठोके बेताल होऊ शकतात. तरण्याताठ्या खेळाडूंच्या अचानक मृत्यूच्या कारणांत हे एक आहे. ही सूज निदान झाली तर तीन ते सहा महिने स्पर्धा बंद ठेवावी लागते.

खेळाडूंसाठी डॉक्टर एक ढोबळ नियम सांगतात. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहणे, शिंका, घसा किंचित खवखवणे, तर हलका सराव चालतो. दहा मिनिटांत बरे वाटले नाही तर थांबायचे. मानेच्या खाली असेल, म्हणजे ताप, अंग मोडून येणे, छातीत कफ, जुलाब, ओकाऱ्या, तर सराव बंद. ताप गोळीशिवाय उतरून किमान चोवीस तास गेल्यावर चालण्यापासून सुरुवात करायची आणि दोन-चार दिवसांत हळूहळू जोर वाढवायचा. डेंग्यूचे निदान झाले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. बरे झाल्यावरही आधी सहज होणाऱ्या अंतराला धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, धडधडत असेल किंवा धावताना चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. तो ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत काढून मिळतो. जाताना ताप कधी आला, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि धावताना नेमके कुठे थांबावे लागले, हे सगळे डॉक्टरांना न लपवता सांगावे.